एकाने कमी

(पिंपळनेरजवळच्या गावातली शाळा, मधली सुट्टी. तिसरीच्या वर्गात ममता मॅडम वह्या तपासताहेत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या गुंताबाई खिडकीबाहेरून बोलतात. त्यांची नात ललिता वर्गात.)

ममता : गुंताबाई, पुन्हा खिडकीतून तोंड घातलंत! नातीला उत्तरं सांगून तिचं भलं होणार आहे का?

गुंताबाई : मी काय उत्तर सांगू, मॅडम? माले सही येस, तितलंच मनं शिक्षण शे.

ममता : मग ते "बठ्ठा, बठ्ठा" काय असतं? आधी वाटायचं, पोरीला खाली बसायला सांगताय. आता कळलं, खुणेचा शब्द आहे. तुम्ही खिडकीत असलात की गणित बरोबर, चुलीकडे गेलात की चूक!

गुंताबाई : अरे देवा! काय बोली ऱ्हायनात तुम्ही?

ममता : ही वही बघा. मी फळ्यावर पायऱ्या लिहून दिल्या. काय दिलंय, काय विचारलंय, चिन्ह कोणतं, मग उत्तर. रोज एक पायरी पुसते, म्हणजे शेवटी पोरं आपली आपण चढतील. बरीच चढली. आणि हिचं? शेहेचाळीस अधिक अडतीस, त्र्याऐंशी! तुम्ही चुलीकडे असताना केलेली बाराच्या बारा गणितं एकाने कमी.

गुंताबाई : एकच ना? एकनं काय बिघडस?

ममता : माझं डोकं बिघडतं! आज कच्च्या मुलांची यादी पाठवायची आहे. हिचं नाव घातलंय मी. सोमवारपासून ती पहिलीच्या पोरांत बसेल.

गुंताबाई : पहिलीमा? मॅडम, ती शाळाच सोडी देई. तिनी माय बी आशीच लाजीसन घर बसनी व्हती.

ममता : मग मी काय खोटं लिहू? ललिता, ये इकडे. रडू नकोस गं, मी काही खात नाही तुला. इथे चौऱ्याऐंशी लिहिलं होतंस. खोडलंस का?

ललिता : मी एक कमी करं.

ममता : कोणी सांगितलं?

ललिता : तुम्हीनच.

ममता : मी?

ललिता : एकोणीस म्हनजे वीसमा एक कमी. एकोणतीस म्हनजे तीसमा एक कमी. तुम्हीनच सांगं. आठे लिखेल शे, 'एकूण किती?'

ममता : अगं बाई गं.

गुंताबाई : येडी! एकूण म्हनजे बठ्ठा. रेशनना दुकानवर ऐकीऐकी माले माहीत. तेच तर सांगस मी तिले!

ममता : बठ्ठा म्हणजे... सगळं मिळून?

गुंताबाई : मंग? सहा महिना व्हयनात तुम्हले आठे, मॅडम!

ममता : झाले ना. मिरजेहून आले, पायऱ्या बांधत बसले, आणि पहिलीच पायरी ठेवायला विसरले. ललिता, बघ, लिहिते. एकूण म्हणजे बठ्ठा. वाचलंस? आता पुसते. सत्तावन्न बोरं, अजून एकोणतीस. एकूण किती?

गुंताबाई : बठ्—

ललिता : मोठी माय, तू खिचडी देख. माले यी ऱ्हायनं.

ममता : सावकाश कर.

ललिता : शहाऐंशी.

ममता : नक्की?

ललिता : शहाऐंशीच.

गुंताबाई : मॅडम, ती यादी?

ममता : ललिता, टेबलावरचा कागद आण. नऊ नावं आहेत त्यात.

ललिता : एक कमी करू?

ममता : थांब. आधी बाकीच्या आठ जणांच्या वह्या आण.