भिंतीत आहे ते लिहा

एर्मेलिंदा: लिहा की मग! ‘भिंतीत काही नाही’ असं लिहा. पण भिंतीकडे तोंड करून लिहा, इंजिनियर बाई. त्या काचेच्या पाटीत डोकं घालून नको.

व्हानिया: डोना एर्मेलिंदा, ‘काही नाही’ असं मी म्हणत नाही. ‘काही असल्याचा पुरावा नाही’ एवढंच म्हणते. दगडी घर, बांधल्याचं साल, भिंतीची जाडी, हे मी भरते. उरलेलं हा टॅबलेट स्वतःच गृहीत धरतो.

एर्मेलिंदा: आणि काय म्हणतो हा दीडशहाणा?

व्हानिया: एफ.

अनाबेला: एफच्या खाली काही असतं का हो?

व्हानिया: नाही. घर किती ऊब धरून ठेवतं त्याचा हा दर्जा, ए प्लसपासून सुरू होतो, एफला संपतो.

एर्मेलिंदा: शाळेत मी दोनच वर्षं गेले. तिथंसुद्धा मला कोणी शेवटच्या बाकावर बसवलं नव्हतं.

अनाबेला: आई, पुरे आता. बाईंना पोर्तालेग्रेला परत जायचंय. आपलं ठरलंय ना? घराला निदान सी मिळाला तर वरचा मजला त्या दोन शिक्षिकांना भाड्यानं द्यायचा, आणि तू खाली राहायचंस. नाही मिळाला तर घर विकायचं आणि तू माझ्याकडे सेतुबालला यायचंस. ठरलं होतं की नाही?

एर्मेलिंदा: ठरवलं तू. मी कॉफी ओतत होते.

अनाबेला: हे बघ, त्या दोघी मागच्या वर्षी ज्या घरात होत्या तिथं कोट घालून झोपायच्या. जाहिरातीत एफ दिसला तर फोनसुद्धा करणार नाहीत. आणि हे अक्षर टाकल्याशिवाय जाहिरात देता येत नाही.

व्हानिया: कायदाच आहे तसा. विकायचं असो की भाड्यानं द्यायचं असो.

एर्मेलिंदा: या घरात कोट घालून कोण झोपलं गं? तू झोपलीस कधी? जानेवारीत डोंगरावरून वारा सुटला की शेजारची आलिस टेबलाखाली दोन शेगड्या ठेवायची, तरी तिचे दात वाजलेले इकडे ऐकू यायचे. आपल्याकडे एक शेगडी. तिची पण आठ वाजता राख. बाई, ठोका ती भिंत. लाजू नका, ठोका.

व्हानिया: ठोकली मघाशीच. मऊ आवाज येतो. दगडाचा नाही, एवढं मलाही कळतं. पण आवाजाचा फोटो निघत नाही.

एर्मेलिंदा: म्हणजे कानांनी ऐकलेलं खोटं?

व्हानिया: खोटं नाही हो. पण मला बिल लागतं. नाहीतर काम चालू असतानाचा फोटो. नाहीतर डोळ्यांना दिसायला हवं. माझ्या कामाची तपासणी होते. त्यांना काय सांगू, एका म्हातारीनं शपथेवर... माफ करा.

एर्मेलिंदा: माफी कसली? तरुण आहे असं मी कुठं म्हटलं?

अनाबेला: पण भिंतीत आहे तरी काय, आई? सकाळपासून ‘आहे, आहे’ चाललंय तुझं.

एर्मेलिंदा: कॉर्क.

अनाबेला: कॉर्क?

एर्मेलिंदा: बाटलीतलं बूच नव्हे. फळ्या. काळ्या, हाताएवढ्या रुंद, चार बोटं जाड. बाहेरच्या तिन्ही भिंतींना आतून, जमिनीपासून आढ्यापर्यंत. वरून पट्ट्या आणि गिलावा.

व्हानिया: काळ्या म्हणजे वाफेवर भाजलेल्या? डोना एर्मेलिंदा, लोक आज त्यासाठी ताटकळत थांबतात. कधी लावल्या?

एर्मेलिंदा: एकाहत्तर ते त्र्याहत्तर. तीन हिवाळे.

व्हानिया: मग कुठंतरी उघडं राहिलं असेलच. मीटरच्या मागं, जिन्याखाली, खिडकीच्या कडेला. एक जागा दिसली तरी ती भिंत मला हिशेबात घेता येते.

एर्मेलिंदा: होती की. जिन्याखालच्या कपाटात, मीटरच्या बाजूला, तळहाताएवढी. तुम्हाला मी तिथंच तर नेलं आधी. दार उघडलं तर पांढरं शुभ्र! मला वाटलं मला वेड लागलं.

अनाबेला: आई... जिन्याखाली ते जळकं होतं, ते?

एर्मेलिंदा: जळकं?

अनाबेला: काळं मिट्ट. धुराचा वास येत होता त्याला. मला वाटलं कधीतरी वायर पेटली असेल. बाई येणार म्हणून मी गेल्या आठवड्यात गवंड्याकडून बुजवून घेतलं. वरून चुना मारला. तू आलिसकडे गेली होतीस तेव्हा.

एर्मेलिंदा: ऐकलंत? घरात पाहुणे येणार म्हणून आमच्या पोरीनं देवघरच लिंपून टाकलं.

व्हानिया: असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, मॅडम. मी येणार म्हटलं की लोक उबेसाठी माळ्यावर पसरलेली लोकर कचरा समजून झाडून फेकतात. मग मी जाते आणि रिकामा माळा लिहिते. स्वच्छ.

अनाबेला: मला काय स्वप्न पडलं होतं? हिनं सांगायला नको? पन्नास वर्षांत एकदा? आणि बिल कुठंय? बाबांनी ठेवलंच असणार. बाबा पावाच्या दुकानाची चिठ्ठीसुद्धा खिळ्याला अडकवायचे.

एर्मेलिंदा: बिल नाही.

अनाबेला: हरवलं?

एर्मेलिंदा: नव्हतंच कधी.

अनाबेला: म्हणजे?

एर्मेलिंदा: म्हणजे चोरलं.

व्हानिया: मी जरा खिडक्या मोजून येते.

एर्मेलिंदा: बसा खाली. खिडक्या कुठं पळून जात नाहीत. आता कोणीतरी परकं समोर असलेलं बरं. नाहीतर ही माझ्यावर ओरडेल आणि बोलणं तिथंच राहील.

अनाबेला: मी ओरडत नाहीये.

एर्मेलिंदा: अजून नाही. हे बघ, नदीकाठच्या कारखान्यात मी फळ्या रचायला होते, ते तुला माहीत आहे. साच्यातून काढताना फळीचा कोपरा तुटला की ती बाद. बाद फळी बॉयलरच्या पोटात, जळणाला. दिवसभर आम्ही धड फळ्या थंड देशांतल्या लोकांना पाठवायचो, त्यांची घरं उबदार व्हावीत म्हणून. आणि संध्याकाळी इथं येऊन कुडकुडायचो. तेव्हा या भिंतींवरून आतून पाणी ओघळायचं. तुझ्या आधीचा दुआर्ते पहिल्याच हिवाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाले, छाती. मी म्हटलं, भिंत.

अनाबेला: तू कधी असं म्हणाली नाहीस.

एर्मेलिंदा: कोणाला म्हणणार? त्याला पुरलं त्याच आठवड्यात मी पहिली फळी आणली. टोपलीच्या तळाला फळी, वर कोबीची पानं, त्याच्यावर जेवणाचा डबा. रोज एक.

अनाबेला: आणि फाटकावर? फाटकावर तर झडती व्हायची. बाबाच तर होते फाटकावर!

एर्मेलिंदा: होते ना. बायकांच्या टोपल्या बघायचं काम त्यांचंच.

अनाबेला: म्हणजे त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकलीस तू.

एर्मेलिंदा: आणि भिंतीला कोणी लावल्या मग? देवदूतांनी?

अनाबेला: नाही. बाबा नाही. मी दुसऱ्याच्या झाडाखालचं एक संत्रं उचललं तर मला ते परत ठेवायला पाठवणारा माणूस तो. अंधारात. रडत गेले होते मी.

एर्मेलिंदा: तोच माणूस. माझी टोपली आली की ते इतरांपेक्षा जास्त वेळ बघायचे. पान उचलायचे, खाली बघायचे, पान परत नीट ठेवायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं खेकसायचे, ‘चल पुढं, एर्मेलिंदा, रांग अडवू नकोस!’ पहिल्या फळीला दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी खिळे घेऊन आले. विकत आणलेले. खिळ्यांचं बिल असेल कदाचित.

व्हानिया: खिळ्यांच्या बिलानं भागणार नाही.

एर्मेलिंदा: माहितीये. रविवारी सगळं गाव प्रार्थनेला गेलं की आम्ही ठोकायला घ्यायचो, आवाज कोणाला जाऊ नये म्हणून. पाद्रीबाबांनी गावभर केलं की तुझा बाप बेल्मिरो नास्तिक झाला. क्रांतीच्या आधीचे, हुकूमशाहीचे दिवस ते. सापडलो असतो तर दोघांची नोकरी गेली असती, आणि त्यांना तर आतच टाकलं असतं, राखणदारानंच चोरी केली म्हणून. नंतर भीती गेली, पण लाज राहिली. माझी नाही, त्यांची. पोरीला कळता कामा नये, एवढंच म्हणायचे. मी पाळलं ते. ते गेल्यावरही अकरा वर्षं पाळलं.

अनाबेला: मग आज का मोडलंस?

एर्मेलिंदा: कारण आज सरकारी कागदावर लिहितायत की बेल्मिरोच्या भिंतीत काही नाही. चोर म्हण त्यांना, मी ऐकून घेईन. पण त्यांनी काही केलं नाही, असं कोणी म्हणायचं नाही. ह्या बाईंनी नाही, त्या टॅबलेटनं नाही आणि तूही नाही.

व्हानिया: डोना एर्मेलिंदा, एक सांगू? जाडी किती, प्रकार कोणता, एवढंच विचारतात माझ्याकडे. माल कुठून आणला, असा रकानाच नाही.

एर्मेलिंदा: मग झालं तर. अनाबेला, परसात छिन्नी आणि हातोडा आहे. आण.

अनाबेला: वेडी आहेस का? गिलावा अजून ओला आहे!

एर्मेलिंदा: मग सोपं जाईल.

अनाबेला: बाई, तुम्ही तरी सांगा हिला.

व्हानिया: मला यात काही बोलता येत नाही. आम्ही फोडू शकत नाही, आणि फोडा असंही सांगू शकत नाही. आम्ही फक्त बघतो. कोणी उघडलं असेल, तर बघतो.

अनाबेला: मी आणणार नाही हातोडा. एवढी धडपड करून सी नाहीच मिळाला तर? त्या लिस्बनवाल्यानं तर एफ असला तरी घेतो म्हटलंय. आतलं सगळं पाडून नव्यानं बांधणार तो.

एर्मेलिंदा: आतलं सगळं पाडणार? म्हणजे कोणीतरी फोडणारच आहे. मग परक्यानं कशाला? सर बाजूला, माझा मी आणते.

(जिन्याखालच्या कपाटातून हातोड्याचे घाव. सात-आठ. मग गिलाव्याचा मोठा पोपडा पडल्याचा आवाज.)

व्हानिया: बस, बस! दिसलं. हात मागे घ्या, धूळ बसू दे.

एर्मेलिंदा: वास घ्या आधी.

व्हानिया: हो... धूर. आणि गोडसर काहीतरी.

एर्मेलिंदा: माझ्या केसांना असाच यायचा. लग्नाच्या दिवशी तीनदा धुतले, तरी वेदीपुढं उभं राहून बेल्मिरो हळूच म्हणतात, कारखान्याची सुट्टी काढलीस की नाही?

व्हानिया: ही पट्टी जरा टेकवून धरा. आठ सेंटिमीटर. आणि एक बुरशीचा ठिपका नाही! पट्टीसकट एक फोटो... झाला.

एर्मेलिंदा: आता काय म्हणतो तुमचा टॅबलेट?

व्हानिया: ई. ही रस्त्याकडची भिंत हिशेबात आली. आलिसबाईंच्या बाजूची सामाईक आहे, तिचा प्रश्न नाही. पण मागची आणि डोंगराकडची मी अजून रिकामीच धरणार.

एर्मेलिंदा: चला मागच्या खोलीत.

अनाबेला: दे तो हातोडा.

एर्मेलिंदा: देणार नाही. लपवशील.

अनाबेला: दे इकडे. दे म्हटलं ना! कुठं मारू?

एर्मेलिंदा: पलंगाच्या वर नको. तिथलं त्यांच्या हातचं आहे, फार नेटकं. खिडकीखाली मार. तिथं मी लावलंय, वाकडंतिकडं.

अनाबेला: इथं?

एर्मेलिंदा: जरा डावीकडं. हं. लोण्यावर मारल्यासारखी काय मारतेस? भिंत आहे ती.

अनाबेला: आई... इथं दोन फळ्या आहेत. एकीवर एक.

एर्मेलिंदा: असणारच. तुझा पाळणा होता तिथं.

व्हानिया: सोळा भरतंय. पण संपूर्ण भिंतीला एवढं नसणार, मला आठच धरावं लागेल.

एर्मेलिंदा: आठच लिहा. वरचं आठ सरकारसाठी नव्हतं.

अनाबेला: तिसरी भिंत कुठं उघडायची? स्वयंपाकघरात?

एर्मेलिंदा: फडताळामागं. आधी मुरंब्याच्या बरण्या खाली काढ. आणि डोळे पूस, दिसणार नाही नीट.

अनाबेला: धूळ गेलीये.

एर्मेलिंदा: असू दे, असू दे.

व्हानिया: ...ही पण आठ. थांबा, आकडे भरते. तिन्ही भिंती, माळा, दारं... डी.

अनाबेला: डी?

व्हानिया: खिडक्यांना एकेरी काच आहे, आणि गिझर फार जुना. ते दोन्ही बदललंत तर सी मिळेल. सुधारणांच्या यादीत मी तसं लिहिते. पण आज डी.

एर्मेलिंदा: म्हण आता, ‘सी ठरलं होतं.’ म्हण. मी पण सांगते, मला इथून न्यायचं असेल तर या फळ्यांसारखं कोबीखाली दडवून न्यावं लागेल.

अनाबेला: गप्प बस जरा, आई. फोन लागतोय.

एर्मेलिंदा: त्या लिस्बनवाल्याला?

अनाबेला: शिक्षिकांना. ...हॅलो, अनाबेला बोलतेय, त्या वरच्या मजल्याबद्दल. हो, मिळालं. डी. नाही नाही, ते खिडक्यांमुळे, खिडक्या आम्ही करून घेतोय. भिंतींत कॉर्क आहे, तिन्ही बाजूंनी. कोणी? माझ्या आईनं आणि वडिलांनी, दोघांनी मिळून. ...हो का? मग शनिवारी या. हातानं चाचपून बघा. भोकं उघडीच आहेत.

एर्मेलिंदा: येतायत?

अनाबेला: बघायला येतायत. त्यांना नाही पटलं तर दुसरं कोणी बघू. घर विकायचं नाही.

एर्मेलिंदा: मी कुठं विकत होते?

व्हानिया: डोना एर्मेलिंदा, जिन्याखालचं भोक तेवढं बुजवू नका. वर एक लाकडी झाकण लावून घ्या. हा कागद दहा वर्षं चालतो, मग पुन्हा कोणीतरी बघायला येईल.

एर्मेलिंदा: कोणीतरी कशाला? तुम्हीच या. दार जरा जोरात वाजवा, तोवर मला कमी ऐकू येत असेल.