आईचा कोपरा

बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी मी कागदांसाठी दवाखान्याच्या खिडकीसमोर रांगेत उभा होतो. पुढे एक बाप आणि त्याची लेक बोलत होते.

"बाबा, अंगणातली बिनसिमेंटची दगडी भिंत चार हात ढासळली हे आईला आज सांगू नका."

"घरी नेल्यावर दिसेलच ना. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी. तुम्ही भावंडांनी शोभेसाठी बाहेर ठेवलीत."

"तुम्हीच छान दिसते म्हणालात."

"मला काय कळतंय? कारागीर तुझी आई."

"तिने रचलेला कोपरा तसूभर हलला नाही."

"पाय मोडला तेव्हाही स्ट्रेचरवरून सांगत होती, तो दगड फिरवा म्हणून."

"आता खुर्चीत बसून शिव्या घालेल."

"घालू दे. आपण रचू."

त्यांचा नंबर आला. त्यांना पडलेली चार हात भिंत अजून रचायची होती.