मधले त्रिकोण

नाही, ऐकून घ्या आधी — बॅकग्राउंड हेच पाहिजे, फक्त नावं टाकायची, एवढंच ना? सगळे एवढंच म्हणतात. मोबाइलवर कुणाचा तरी फोटो घेऊन यायचं आणि म्हणायचं, मॅडम, फक्त असं करून द्या. अहो भाऊ, बटण दाबलं की पडतं का हे? हे त्रिकोण बघा — एकेक हाताने बसवलाय. मला कसं माहीत? मीच बसवलेत म्हणून. तुमच्या तिकडे तलासरीत कुणीतरी कॉपी मारली असणार, दुसरं काय. थांबा, मोठा करू द्या. ही कोपऱ्यातली हिरवी दोरी दिसते? ही आमच्या बोटीची दोरी. बाबांनी बांधली होती, वरोरला, घरासमोरच्या मांडवाला. म्हणजे कॉपी नाही, हा माझाच बॅनर. खालची नावं तेवढी कापलीत. नवऱ्या मुलाचं नाव काय लिहायचंय?

मितेश. वेवजीचा.

नाही, बसा. बसा म्हटलं ना. पाणी घ्या, उन्हातून आलात, तुमचा काय दोष — आणि दोष कसा नाही, वेवजीहून डहाणूला येताना एकही फ्लेक्सवाला दिसला नाही? इथेच जा म्हणाला? कसं म्हणाला, माझं नाव घेऊन? नाव नाही घेतलं. 'त्या बाईकडे फाइल असेल.' बरं. आहे त्या बाईकडे फाइल.

मग त्या बाईने काय केलं होतं तेही ऐका. डावीकडे वरोर — ओहोटीचा किनारा, बांबूवर वाळत टाकलेले बोंबील, मागे निळं पाणी — त्या फोटोतून एकेक रंग उचलला. उजवीकडे वेवजी, त्याच्या घराची कौलं, अंगणातला पेंढा. फोटो त्यानेच पाठवलेले. आणि मधे — मधेच तर सगळी मेहनत आहे. निळा नि विटकरी सरळ एकमेकांत सोडले ना, तर मधे मळकट राख येते, कुणाचाच रंग राहत नाही. म्हणून वळसा घेतला — निळ्यातून जांभळा, जांभळ्यातून गुलाबी, मग कुठे विटकरी. प्रत्येक त्रिकोण शेजारच्यापेक्षा इतकुसाच वेगळा. वरोर कुठे संपलं, वेवजी कुठे लागलं, कळताच कामा नये. वेडी होते मी, दुसरं काय.

आणि आमच्या साखरपुड्याला त्याचा मामा सगळ्यांसमोर काय म्हणाला? 'शुभकार्यात ही फुटलेली काच कुणी टांगली?' आमच्याकडची माणसं हसली, गंमत समजून. मितेश शेजारी उभा — त्याला माहीत होतं की कौलं त्याचीच आहेत. एवढं तर सांगायचं, मामा, हे आपलं घर आहे. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते नि तो चपलांकडे. मग माझी आई चिंचणीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसते हे त्याच्या आईने पाहिलं, नि झालं, सून नको. पण गावात तसं सांगितलं का? गावात सांगितलं, पोरीने आपल्या हाताने फुटकी काच टांगली, मग मोडणारच. माझ्या कामावर ढकललं. त्यानंतर वर्षभर एक माणूस लग्नाचं काम घेऊन आला नाही माझ्याकडे.

आणि आता चालते फुटकी काच? आता फॅशन आली, सगळ्यांना त्रिकोण पाहिजेत. मुलगी कुठली? वापीची. मग आमचे बोंबील कशाला तिच्या डोक्यावर टांगता?

एवढे दिवस फाइल का ठेवली, म्हणजे? असतात फाइली कॉम्प्युटरमध्ये. मी काय रोज उघडून बघते? कधीतरी उघडते. रंग नीट उतरतात की नाही ते बघायला.

द्या तो पेनड्राइव्ह. देते. उजवी बाजू देते, कौलं नि पेंढा, ती त्याची आहे. समुद्र नाही मिळणार. मधले त्रिकोणही नाही — ते मी एकटीने केलेत, त्याला कधी यायचंच नव्हतं तिथपर्यंत. अर्धा बॅनर दिसेल? दिसू दे. नाहीतर तलासरीत कुणाकडूनही निळा सोडून घ्या त्याच्यात, मधे काय येतं ते सांगितलंय तुम्हाला.

हं, घ्या. झालं. माझा नंबर नका लिहू, आहे त्याच्याकडे. ग्लास राहू दे तिथे. आणि जाताना दार ओढून घ्या.