स्थळाची चाल

आदिलाबादच्या बसस्टँडवर बेला गावाची गाडी काही लागत नव्हती. अनसूयाबाईंची नुसती उठबस चालली होती. सकाळच्या भांडणापासून भगवंतराव बायकोशी अवाक्षर बोलले नव्हते; मधे पिशवी ठेवून पलीकडे तोंड करून बसले होते. मागच्या बाकावर एक बहीण-भाऊ मोबाइलवर वाकले होते.

“दादा, दुपारी पावने मले पाहाले येतीन. पोरगा कसा हाय, आता तरी सांग.”

“बायोडाट्यात बुद्धिबळ वाचलं, तवाच त्याचं ऑनलाइन खातं हुडकलं. महिनाभर खेळून राह्यलो त्याच्यासंगं.”

“त्याले मालूम हाय, तू माहा भाऊ म्हणून?”

“नाव बदलून खेळलो न. हुशार हाय, पल्लवी. घोडे तर असे नाचवते! हावरा नाही. फुकटचं प्यादं देल्लं तरी इचार करूनच घेते.”

“अन् कच्चा कुठं हाय?”

“वजिरावर लय जीव. तो गेला का खचते.”

“मंग हार मानते?”

“नाही.”

“चिडते?”

“चिडत बी नाही. चालच करत नाही. घड्याळ चालू ठेवते अन् गप बसते.”

“अन् समोरच्यानं काय करायचं?”

“वाट पाहायची. दुसरं काय?”

तेवढ्यात गाडी लागली. भगवंतराव पिशवी उचलून एकटेच चढले. अनसूयाबाई मागे वळल्या.

“का रे पोरा, शेवटी तरी करते का तो चाल?”

“नाही, काकू. येळ संपू देते.”