हिंदुरावांची टीव्हीवरची लढाई

...आणि ह्याला म्हणे बातम्या म्हणायचं! आठ खिडक्या, आठ तोंडं, सगळी एकदम उघडी, आणि मधे तो कोटवाला असे हातवारे करतोय की जणू ह्याचंच काहीतरी कुणी पळवून नेलंय. मागं भोंगा, पुढं रणगाडे, तेही चित्रातले. वीट आलाय बाई, वीट. आणि तुम्हाला सांगते, मी उगाच नाही तोंड सोडलेलं, आमच्या डोक्यावर राहतात ना, त्यांची कहाणी ऐका आणि मग मला बोला.

आटपाट नगर म्हणावं तर नगराला नावच नाही, नुसता नोएडाचा सेक्टर आणि त्याचा नंबर. तिथं वरच्या मजल्यावर हिंदुराव नावाचे रिटायर्ड फौजी राहायचे, मूळचे साताऱ्याकडचे. बायको शेवंता, मुलगा मल्हारी, तोही फौजेत, आणि सून गिरिजा, दिवस भरत आलेली. आता हिंदुराव फौजेत काय करायचे? तर बिगुल वाजवायचे. बँडमध्ये. बंदूक चालवली ती चांदमारीच्या मैदानावर, बाकी सगळी नोकरी फुंकण्यात गेली. पण मिशी... मिशी अशी की भाजीवाला सलाम ठोकून वर कोथिंबीर टाकायचा.

ती मिशी झेंडावंदनाला एका न्यूजवाल्याच्या नजरेत भरली. म्हणे, अंकल, उद्या स्टुडिओत या. हिंदुराव सरळ माणूस, बोलले की बाबा मी बँडवाला. तर तो म्हणतो, "कोई बात नहीं अंकल, फौजी तो हो ना." झालं! दुसऱ्या दिवशी खिडकीत मिशी आणि मिशीखाली लिहिलेलं, नातीनं वाचून दाखवलं मला, रक्षा विशेषज्ञ, म्हणजे लढाईतले जाणकार! आणि मला सांगा, ज्या माणसाच्या फुंकरीनं अख्खी छावणी अंथरुणातून उठायची, त्याच्यापुढं बाकीच्या सात खिडक्या टिकणार कशा? चॅनलवाले खूश. रोज संध्याकाळी दाराशी गाडी. हिंदुराव मिशीला तूप लावून निघाले की सोसायटीचा गार्डसुद्धा उभा राहायचा, एरवी तो मुख्यमंत्री आला तरी खुर्ची सोडत नाही.

आणि अशात सीमेवर काहीतरी सुरू झालं. मल्हारी तिथंच. बायकोच्या बाळंतपणाची सुट्टी मंजूर झालेली, ती रद्द. शेवंताचं जेवण तुटलं. फोन कमरेला खोचून ती घरभर फिरायची, वाजला तरी दचकायची, नाही वाजला तरी दचकायची. आणि तिचा नवरा तिकडं खिडकीत बसून ओरडतोय, आज की रात, आर या पार! समोर सोफ्यावर गिरिजा, पोटावर हात ठेवून ऐकतेय, सासरा आपल्याच नवऱ्याला लढाईला पाठवतोय. शी!

बरं, बाहेरच्यांचं तरी काय? लिफ्टमध्ये ती समोरची बाई शेवंताला म्हणते कशी, "बिल्कुल सही बोले भाईसाहब, उड़ा दो सबको." आणि हिचा मुलगा एनसीसीच्या कॅम्पला गेला नाही, का, तर तिथं मच्छर चावतात. उडवायला दुसऱ्याची पोरं आहेतच ना, यार! वीट आलाय बाई, वीट.

हिंदुराव घरी येऊन कौतुकानं सांगायचे, ब्रेक झाला की ती आठही तोंडं हसत-खिदळत समोसे खातात, तो कोटवाला पाठ थोपटून म्हणतो मज़ा आ गया. शेवंता ऐकायची आणि पोळी लाटायची. मग एका दुपारी मल्हारीचा फोन आला. म्हणाला, "आबा, हितं लंगरात, जेवाय बसतो तितं, टीव्ही असतो. तुम्ही दिसला की पोरं चॅनल बदलत्यात. माझ्याकडं बघतबी न्हाईत, गुपचूप बदलत्यात." हिंदुराव म्हणाले, नेटवर्क बराबर नाही रे, आणि फोन ठेवला. मिशीला तूप लावायला गेले.

त्या संध्याकाळी मी जिन्यातच होते, गाडी खाली येऊन उभी, हिंदुराव बूट घालून दारात, आणि शेवंता समोर. ट्रंकेतून बिगुल काढलेला, रिटायर होताना पलटणीनं दिलेला. चिंचेनं घासून असा लखलखीत केलेला की डोळे दिपावेत. हिंदुराव म्हणाले, हे कशाला? तर ती म्हणाली, आवाज जरासुद्धा न चढवता, "ह्ये बी न्या संगं. लढाई लागली तर मागनं ह्येच वाजवायचं हाय न्हवं?"

बाई... तुम्हाला काय सांगू. तिरंग्यातली पेटी यायची ना, तेव्हा तिच्यापुढं उभं राहून शेवटची धून वाजवायची, ते काम हिंदुरावांचं. त्या दिवशी ते घरी येऊन जेवायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. हे शेवंताशिवाय कुणाला ठाऊक? तिनंच मला मागाहून सांगितलं. माणूस बुटांसकट पायरीवर बसला. खाली हॉर्न. मग ड्रायव्हर वर आला, सर चलिए, शो सुरू होईल. हिंदुराव म्हणाले, "तबियत ठीक नहीं." इतकं हळू, की ड्रायव्हरला दोनदा विचारावं लागलं. ज्याचा आवाज अख्ख्या देशानं ऐकला, तो माणूस!

पुढं देवाची कृपा झाली, सीमेवर बोलणी झाली, निवळलं. त्या कोटवाल्याचं तोंड बघायला हवं होतं त्या दिवशी, सुतकातल्यासारखं. मल्हारी सुखरूप आला, त्याच्या सुट्टीतच गिरिजाला मुलगी झाली. आवाज थेट आजोबांचा! ती रडली की अख्ख्या बिल्डिंगचा टीव्ही ऐकू येत नाही, आणि आजोबा तिला मांडीवर घेऊन छावणीतली दिवे मालवायची धून तोंडानं गुणगुणतात, ती झोपते. शेवंता आता दोन घास जेवते. अशी त्यांच्या घराला कृपा लाभली, तशी सगळ्यांना लाभो.

आम्हाला सोडून. कारण तो ड्रायव्हर त्या बिगुलाच्या संध्याकाळी रिकाम्या हातानं जिना उतरताना माझ्या दाराशी थांबला, म्हणाला, "माताजी, बिल्डिंग में और कोई है, मूंछवाला?" मी म्हटलं नाही. पण आत आमच्या ह्यांनी ऐकलं. जन्म सरकारी हापिसात पाकिटांना तिकिटं चिकटवण्यात गेला... आणि त्या दिवसापासून ओठावर वस्तरा लावलेला नाही. काल तूप मागत होते.