रात्री मागं पडणारं घड्याळ

मंडळी, ऐका. अभिमान सोडा, अभिमान सोडा, हे मी तुम्हाला दरवर्षी कीर्तनात सांगतो. आज उलटं विचारतो — धरूनच ठेवावा असा एखादा अभिमान असतो का हो? बोला की! बरं, मीच सांगतो.

कोथळवाडीत बायकांचं दूध केंद्र. अध्यक्षा द्वारकाकाकू. करारी बाई! दुधातलं पाणी ओळखायची आणि माणसाच्या बोलण्यातलंही. केंद्रात कॉम्प्युटर. दूध मापलं की पावती निघायची, पावतीवर वेळ छापलेली. "आमच्या केंद्रात चूक सापडायची नाही," काकू छातीठोक सांगायच्या. आणि सापडतही नव्हती!

एक दिवस दूध संघाच्या साहेबांचा फोन. "काकू, पावतीवर दूध पहाटेचं आणि टँकर भरतो ऊन चढल्यावर. एवढा वेळ दूध पडून राहतंय." झालं! बायका म्हणाल्या, टँकरवाला येसाजी वाटेत चहाला बसत असणार. येसाजी काकुळतीला आला — "काकू, मी वेळेवर येतो हो." ऐकतंय कोण? कॉम्प्युटर कधी खोटं बोलतो का! संघानं येसाजीला घरी बसवलं.

आता गंमत बघा. नवा टँकरवाला आला, घोळ तोच! कॉम्प्युटर चालवायची काकूंची सून, अंजिरा. तिनं मोबाईलशी ताडून पाहिलं. "आत्याबाई, घड्याळच मागं आहे. उजाडल्यावर मापलेलं दूध पावतीवर पहाटेचं दिसतंय." वेळ लावून दिली. दिवसभर बरोबर — सकाळी पुन्हा मागं! एकीनं लिंबू-मिरची बांधली. लिंबू वाळलं, घड्याळ काही सुधारलं नाही.

अंजिरानं डोकं लावलं. दिवसा चालतं, रात्री अडतं, मग रात्री होतं काय? मंडळी, संध्याकाळी काकू देवापुढं दिवा लावायच्या, कॉम्प्युटरला हळदकुंकू लावायच्या आणि भिंतीवरचं बटण बंद करायच्या. "दिवसभर राबलंय लेकरू, निजू दे." केवढी माया! पण वीज बंद झाली की घड्याळ चालतं आतल्या एका छोट्या सेलवर, आणि तो सेल संपत आलेला. लेकराबरोबर घड्याळही निजत होतं!

सेल बदलला. घड्याळ ताळ्यावर आलं. बायका कुजबुजल्या, "झालं ना नीट? मग संघाला कशाला सांगायचं? केंद्राचं नाव जाईल."

काकूंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "नाव आहे म्हणूनच सांगायचं. येसाजीला आपण घरी बसवलं गं."

काकू संघात गेल्या. भरल्या बैठकीत उभ्या राहिल्या. "साहेब, दूध आमचं ताजं होतं, माणूस तुमचा खरा होता. चुकलं ते आमचं घड्याळ, आणि त्याहून जास्त आम्ही."

दुसऱ्या दिवशी टँकर आला, स्टेअरिंगवर येसाजी! काकूंनी स्वतः दुधाचा पेला पुढं केला. "घे बाबा. आणि मला माफ कर." येसाजी म्हणाला, "काकू, तुमच्या केंद्राचं दूध नेतो, हे आता मी मान वर करून सांगणार."

हा अभिमान धरा, मंडळी! मला त्या बाईचा अभिमान आहे, भर सभेत सांगतो. वीज असते, लोक बघत असतात, तेव्हा सगळ्यांचीच घड्याळं बरोबर चालतात. बटण बंद झाल्यावर तुमच्या आत काही जागं राहतं का?

तुम्ही कुणावर खोटा ठपका ठेवलाय, ते तुम्हाला आत्ता आठवलंय. चेहऱ्यावर दिसतंय मला. तो माणूस इथंच, चार घरं पलीकडं राहतो. उठा तर. भजन आम्ही थांबवून धरतो, तुम्ही आधी त्याच्या दारात जाऊन या.