वहीतल्या चौदा रात्री

हलू नकोस गं कोरल, रंग कानाला लागेल — छे, माझं लक्ष आहे गं, ही कंगवीच गुळगुळीत झालीय. किती वाजले? पाच वीस? आपल्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, मेलं पाचलाच अंधारतं. टेगन साडेतीनला निघते म्हणाली होती डबो शहरातून — शाळेच्या नाचासाठी बूट आणायला गेलीय, एकटी, परवाच तर लायसन्स मिळून गाडीला नवशिक्यांची लाल 'पी' पाटी लागली — तासाभराचा रस्ता, म्हणजे साडेचार, फार तर पावणेपाच. फोन? नऊ केले. पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हे मीच शिकवलंय ना, मग उचलेल कशी? शहाणी आहे माझी पोर.

बारा वर्षांची झाली नि म्हणाली, आई, फाटकाशी नको सोडूस, कोपऱ्यावर सोड. सोडलं. मग खोलीचं दार बंद, मग तोंड बंद. गाडी शिकवायला बसले की मी ब्रेक म्हणायचे नि ती "ओरडू नकोस!" — की आठ-आठ दिवस अबोला. मला भीती वाटायची गं, पोर हातची जाईल. आणि लायसन्ससाठी सरावाचे एकशेवीस तास वहीत भरायचे, त्यातले वीस अंधारातले! कांगारू आडवं आलं तर ब्रेक दाबायचा, चाक वळवायचं नाही — माहितीय तिला, मी सांगितलंय. म्हणजे — स्वयंपाकघरात सांगितलंय. चौदा रात्री मी बसून लिहिल्या त्या वहीत, कोरल. दोन वेगळ्या पेनांनी, खरं वाटावं म्हणून. हवामानाच्या रकान्यात एकदा पाऊस पण लिहिला, वर्षभर इथे थेंब नाही तरी! सही केली तशी गळ्यात पडली माझ्या, तीन वर्षांत पहिल्यांदा. काय करणार होते मी?

अंधारात ती एकदाही चालवलेली नाही गाडी. एकदाही नाही.

अगं बाई, आणि सांगतेय कुणाला — पोलीस सार्जंटच्या बायकोला! नेव्हिलला बोलू नकोस हं, हात जोडते. दिवे! आली बघ — नाही, तुझ्या नेव्हिलचीच गाडी. न्यायला आला? तू तर नेहमी चालत जातेस.

टोपी का काढतोय तो दारात, मयताच्या घरी काढतात तशी? कोरल, त्याला म्हणावं, बाहेरच थांब. तुझे केस व्हायचेत अजून.